थेंब मोजणारे हेरोव्हस्की

फर्स्ट इयरला असताना मेसमधल्या कूलरचं पाणी आणि हॉस्टेलच्या मागच्या टाकीचं पाणी डोळे मिटून ओळखायची पैज मी तीन वेळा जिंकले होते. तिन्ही वेळेस वडापाव मिळाला. ह्यात माझं कर्तृत्व काही नाही. मी शेवगावची. आमच्याकडे पाण्याची चव ही बालवाडीच्या आधी शिकायची गोष्ट असते. नळाचं पाणी जायकवाडीच्या नाथसागरातून येतं, पण ते रोज येत नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी हंडे, पिंप, पातेली, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं आणि एरवी बोअर. बोअरचं पाणी जड. त्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीला आतून पांढरा थर बसतो. शेतावर विहीर आहे, तिचं पाणी मात्र गोड. माझी आजी एक घोट तोंडात घोळवून सांगते की हे मचूळ आहे, हे तुरट आहे, ह्याला पाइपाची लोखंडी चव लागतेय. तिचं निदान चुकलेलं मी एकदाच पाहिलंय. ते शेवटी सांगेन.

पण मित्रमैत्रिणींनो, हा लेख आजीवर नाही. तो प्राग शहरातल्या एका माणसावर आहे, ज्यांचं नाव मला सहा महिन्यांपूर्वी उच्चारताही येत नव्हतं. (कॉन्व्हेंटमध्ये दहावीपर्यंत शिकल्यामुळे मला मराठीतही बरंच काही उच्चारता येत नाही असं आमची मेसची मावशी म्हणते. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने सुधारून घ्याव्यात.) यारोस्लाव हेरोव्हस्की हे त्यांचं नाव. आणि त्यांची माझी गाठ पडली ती आमच्या मिनी प्रोजेक्टचं पूर्ण वाटोळं झाल्यामुळे.

प्रोजेक्टचा विषय होता इलेक्ट्रॉनिक जीभ. नाव भारी आहे, कल्पना साधी आहे. आपल्या जिभेवर मेसच्या आमटीसाठी एक, असे प्रत्येक पदार्थासाठी वेगवेगळे सेन्सर नसतात. थोड्याच प्रकारचे असतात. प्रत्येक जण आपापल्या परीने थोडा थोडा प्रतिसाद देतो आणि त्या सगळ्यांची गोळाबेरीज करून मेंदू ठरवतो की आज आमटीत मीठ जास्त आहे. इलेक्ट्रॉनिक जिभेतही तसंच. चार-सहा वेगवेगळ्या पदार्थांचे इलेक्ट्रोड पाण्यात बुडवायचे, त्यांना ठरावीक व्होल्टेज द्यायचं आणि प्रत्येकातून किती करंट जातो ते नोंदवायचं. एकेकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, पण सगळे आकडे मिळून त्या पाण्याचा अंगठ्याचा ठसा तयार होतो. मग कॉम्प्युटरला शिकवायचं की हा ठसा नळाच्या पाण्याचा, हा बोअरचा, हा शिसं मिसळलेल्या पाण्याचा. जपानात क्यूशू विद्यापीठातल्या कियोशी टोको यांनी १९९० च्या सुमारास चव ओळखणारा असा सेन्सर बनवला, रशियात सेंट पीटर्सबर्गला व्लासोव्ह आणि लेगिन यांनी त्याच दशकात, आणि १९९७ मध्ये स्वीडनच्या लिंकशॉपिंगला विंकविस्ट आणि मंडळींनी सोनं-प्लॅटिनमसारखे धातू वापरून व्होल्टेजचे झटके देणारी जीभ तयार केली. ह्या शेवटच्या प्रकाराला व्होल्टॅमेट्रिक म्हणतात. आम्ही तीच निवडली, कारण तिला फक्त धातू लागतात.

सोनं-प्लॅटिनम अर्थात आमच्या बजेटमध्ये नव्हतं. आम्ही घेतलं पेन्सिलचं शिसं (ते शिसं नसतंच, ग्रॅफाइट असतं), तांब्याची तार, स्टीलची सुई आणि आजीच्या तुटलेल्या पैंजणातला चांदीचा तुकडा. दुसरी चांदीची तार ब्लीचमध्ये बुडवून ठेवली की तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा थर येतो आणि कामचलाऊ रेफरन्स इलेक्ट्रोड तयार होतो. जुन्या सेलमधली कार्बनची कांडी काढली. दोन ऑप-अँप, एक अर्डुइनो. घरून येताना एसटीत चार बाटल्या पाणी आणलं, त्यातली एक सीटखाली सांडली आणि कंडक्टरकाकांची बोलणी खाल्ली, ते वेगळं.

सोमवारी रीडिंग घेतली. नळ, बोअर, विहीर, हॉस्टेलचा कूलर, चारही पाणी ग्राफवर चार कोपऱ्यात छान वेगवेगळी बसली. आम्ही दोघी खुशीत. गुरुवारी त्याच बाटल्यांची पुन्हा रीडिंग घेतली तर सोमवारचं बोअर जिथे होतं तिथे गुरुवारचा नळ येऊन बसला होता. शुक्रवारी तिसरंच काहीतरी. सबमिशनला बारा दिवस राहिले होते. माझी पार्टनर म्हणाली की सोमवारचेच आकडे घेऊ, त्यात थोडे पॉइंट इकडे-तिकडे करू आणि तीस रीडिंग दाखवू, एक्स्टर्नल काय बाटल्या चाखून बघणार आहे का? खोटं कशाला बोलू, मी एक्सेल उघडलंही होतं. पण आमच्या गाईड मॅडमना कुठून वास लागला कोण जाणे. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी लायब्ररीतून पोलॅरोग्राफीवरचं एक जुनं, कडा पिवळ्या पडलेलं पुस्तक काढून दिलं आणि सांगितलं की आधी पहिला चॅप्टर वाचून या, मग वाटेल ते करा.

तर आता हेरोव्हस्की.

त्यांचा जन्म २० डिसेंबर १८९० चा, प्रागचा. तेव्हा प्राग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. वडील विद्यापीठात रोमन कायद्याचे प्रोफेसर. म्हणजे घरात पुस्तकं भरपूर, पण प्रयोगशाळेचा संबंध नाही. १९०९ मध्ये यारोस्लाव प्रागच्या विद्यापीठात रसायन, भौतिक आणि गणित शिकायला गेले आणि एका वर्षात त्यांनी लंडनला जायचं ठरवलं. कारण तिथे युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम रॅमसे होते, हवेतले आर्गॉन, निऑन वगैरे वायू शोधणारे नोबेलवाले रॅमसे. १९१३ मध्ये हेरोव्हस्की तिथून बी.एस्सी. झाले. तोवर रॅमसे निवृत्तीला आलेले, त्यांच्या जागी आले डोनन. डोनन यांना इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत रस. त्यांनी ह्या मुलाला एक प्रश्न दिला: ॲल्युमिनियमचं इलेक्ट्रोड पोटेन्शियल मोज.

प्रश्न फर्स्ट इयरच्या जर्नलसारखा वाटतो. पण ॲल्युमिनियम महा लबाड धातू. हवा किंवा पाणी लागलं की त्याच्यावर लगेच ऑक्साइडचा पातळ थर चढतो. शिवाय त्याच्यावर हायड्रोजनचे बुडबुडे चिकटतात. मग तुम्ही मोजताय ते ॲल्युमिनियम नाहीच, त्याच्या अंगावरचा सदरा मोजताय. सकाळी एक रीडिंग, दुपारी दुसरं. हे वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवून पार्टनरला हाक मारली. आमच्या तांब्याच्या तारेचं हेच चाललं होतं!

डोनन यांनी तोड सुचवली ती अशी. ॲल्युमिनियम थोडंसं पाऱ्यात विरघळवायचं आणि ते मिश्रण केसासारख्या बारीक काचनळीतून सतत बाहेर पडू द्यायचं. पृष्ठभाग मळायला वेळच मिळू द्यायचा नाही. मळायच्या आत तो गळून पडतो आणि खालून नवा येतो. हेरोव्हस्कींच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं बी ह्या एका सूचनेत आहे. मात्र ते रुजायला बराच वेळ लागला.

१९१४ च्या उन्हाळ्यात ते सुट्टीसाठी प्रागला आले आणि महायुद्ध सुरू झालं. लंडन आता शत्रूचं शहर. परतीचा रस्ता बंद. त्यांना सैन्याच्या हॉस्पिटलमध्ये औषधं बनवायला आणि एक्स-रे काढायला लावलं. चार वर्षं ते काम करत त्यांनी जमेल तसा अभ्यास चालू ठेवला आणि १९१८ मध्ये प्रागहून पीएच.डी. केली.

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला, म्हणजे व्हायव्हाला, समोर बसले होते भौतिकशास्त्राचे प्रोफेसर बोहुमिल कुचेरा. व्हायव्हा घेणाऱ्या माणसाबद्दल आपलं मत फारसं चांगलं नसतं. पण कुचेरा यांच्या एका विषयाने हेरोव्हस्कींना जन्मभराचं काम दिलं. कुचेरा १९०३ पासून एका विचित्र गोष्टीच्या मागे होते. पाऱ्याला व्होल्टेज दिलं की त्याचा पृष्ठताण बदलतो. (सरफेस टेन्शनला पृष्ठताण म्हणतात हे मला ह्या लेखासाठी विचारावं लागलं.) पृष्ठताण मोजायची कुचेरांची पद्धत अशी: काचनळीतून पाऱ्याचे थेंब पाडायचे आणि थेंबांचं वजन करायचं. ताण जास्त तर थेंब मोठा, ताण कमी तर थेंब लहान. व्होल्टेज बदलत गेलं की गुळगुळीत कमानीसारखा आलेख यायला हवा. पण कुचेरांच्या आलेखात मध्येच एक कुबड येत होतं. ते का येतं ते त्यांना सुटलं नव्हतं. त्यांनी ते लपवलंही नव्हतं. समोरच्या विद्यार्थ्याला त्यांनी त्यात ओढलं आणि आपल्याकडे काम करायला बोलावलं.

इथून पुढे काही वर्षं हेरोव्हस्कींनी काय केलं, तर थेंब मोजले. शब्दशः. एक व्होल्टेज लावायचं, पडलेले थेंब मोजायचे, पारा गोळा करायचा, धुवायचा, वाळवायचा, वजन करायचं. मग व्होल्टेज किंचित वाढवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. एका आलेखात असे कितीतरी बिंदू. आपण तीन रीडिंगनंतर चौथं मनाने लिहितो, आणि हा माणूस डॉक्टरेट झाल्यावर हे करत होता. कुचेरा १९२१ मध्ये वारले. कुबडाचा उलगडा झालेला त्यांना बघायला मिळाला नाही.

आणि मग १० फेब्रुवारी १९२२. थेंबांचं वजन करण्याऐवजी थेंबातून जाणारा करंट मोजून बघू, असं हेरोव्हस्कींनी ठरवलं आणि एक नाजूक गॅल्व्हनोमीटर जोडला. करंट मायक्रोअँपिअरमधला, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग. व्होल्टेज हळूहळू वाढवत गेले. काही वेळ काहीच नाही. मग एका ठरावीक व्होल्टेजला करंट एकदम चढला. द्रावणात आणखी काही पदार्थ असतील तर असाच चढतो, सपाट होतो, पुढे पुन्हा चढतो. जिन्याच्या पायऱ्यांसारखा.

ह्या पायऱ्यांमध्ये सगळी गंमत आहे, म्हणून जरा थांबून सांगते. पाण्यात तांबं, शिसं, कॅडमियम आणि जस्त असे चार धातू विरघळलेले आहेत असं समजा. पाऱ्याचा थेंब ऋण बाजूला नेत गेलं की साधारण शून्याच्या आसपास तांबं थेंबावर उतरतं, उणे ०.४ व्होल्टच्या जवळ शिसं, उणे ०.६ ला कॅडमियम आणि उणे १ च्या सुमारास जस्त. द्रावणात दुसरं काय मिसळलंय त्यावर हे आकडे थोडे सरकतात, पण क्रम लक्षात आला असेल. पायरी कुठे आली ह्यावरून कळतं कोण आहे, आणि पायरी किती उंच आहे ह्यावरून कळतं किती आहे. एकाच आलेखात नाव आणि हजेरी दोन्ही. पाणी आटवायला नको, गाळायला नको, साका पाडायला नको. काही थेंब द्रावण पुरतं आणि तपासून झाल्यावरही ते जवळजवळ जसंच्या तसं उरतं.

हे सगळं जमतं ते पाऱ्यामुळे. एक तर पाऱ्यावर हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही, त्यामुळे जवळपास उणे दोन व्होल्टपर्यंत जाता येतं. दुसरं म्हणजे दर तीन-चार सेकंदांनी थेंब पडतो आणि नवा येतो. आधीच्या थेंबावर काय चढलं होतं, काय बिघडलं होतं, ते सगळं खाली तळाशी गेलं. नव्या थेंबाला मागचं काही माहीत नाही. म्हणून आज घेतलेला आलेख आणि पुढच्या महिन्यात घेतलेला आलेख एकावर एक बसतो. आमचा सोमवार आणि गुरुवार का बसत नव्हता, ते मला इथे कळलं.

अजून एक गोष्ट मला फार आवडली. हवा लागलेल्या द्रावणात नको असलेल्या दोन पायऱ्या दिसायच्या, काहीही धातू घातलेला नसला तरी. आपण असतो तर नॉइज म्हणून सोडून दिलं असतं. त्या पायऱ्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या निघाल्या. मग धातू मोजायचे असतील तर आधी द्रावणातून हायड्रोजन किंवा नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलून द्यायची पद्धत पडली. पण तीच पायरी उलट्या बाजूने बघा. पाण्यात ऑक्सिजन किती विरघळलाय हे करंटवरून मोजता येतं! आज नदीचं पाणी किती बिघडलंय हे बघताना पहिल्यांदा जे मोजतात त्यात हा विरघळलेला ऑक्सिजन असतोच, कारण घाण वाढली की जिवाणू तो खाऊन टाकतात आणि मासे मरतात. १९५६ मध्ये अमेरिकेत लेलंड क्लार्क यांनी प्लॅटिनमवर पातळ पडदा बसवून ऑक्सिजन मोजणारा जो इलेक्ट्रोड लोकांपुढे ठेवला, तो ह्याच घराण्यातला. आपल्या एन्व्हायर्नमेंट लॅबच्या डी.ओ. मीटरची कुंडली अशी आहे.

हाताने एक आलेख काढायला खूप वेळ जायचा. व्होल्टेज फिरवा, थांबा, वाचा, लिहा. तेव्हा प्रागमध्ये जपानहून मासुझो शिकाता नावाचे संशोधक आले होते. दोघांनी मिळून १९२४ मध्ये एक यंत्र बनवलं. एक चाक फिरतं आणि व्होल्टेज वाढवत नेतं, त्याच्याशी जोडलेल्या ड्रमवर फोटोचा कागद फिरतो, आणि गॅल्व्हनोमीटरच्या आरशावरून आलेला प्रकाशाचा ठिपका त्या कागदावर आलेख काढतो. मिनिटांत काम. ह्याला त्यांनी पोलॅरोग्राफ नाव दिलं. रासायनिक विश्लेषणाचा आलेख आपोआप काढणाऱ्या पहिल्या यंत्रांपैकी हे एक. इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोरांनो, आपली ब्रँच कुठून आली विचारलं तर हे यंत्र दाखवायला हरकत नाही.

पुढची काही वर्षं भरभराटीची. १९२६ मध्ये ते प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात फिजिकल केमिस्ट्रीचे प्रोफेसर झाले, त्याच वर्षी मारी कोर्झानोव्हा ह्यांच्याशी लग्न झालं, पुढे एक मुलगी आणि एक मुलगा. १९२९ मध्ये त्यांनी सहकारी व्होटोचेक यांच्यासोबत स्वतःच्या देशातलं संशोधन इंग्रजी-फ्रेंचमध्ये बाहेर जावं म्हणून एक नियतकालिक सुरू केलं. १९३३ मध्ये अमेरिकेत व्याख्यानं दिली. १९३४ मध्ये त्यांचे सहकारी इल्कोव्हिच यांनी पायरीची उंची नेमकी कशावर अवलंबून असते त्याचं समीकरण काढलं, ते आजही त्यांच्याच नावाने शिकवतात. परदेशातून लोक शिकायला येऊ लागले.

मग पुन्हा युद्ध. १७ नोव्हेंबर १९३९ ला नाझींनी सगळी चेक विद्यापीठं बंद केली. विद्यार्थ्यांची धरपकड झाली, काहींना गोळ्या घातल्या. हेरोव्हस्कींची प्रयोगशाळाही गेली असती, पण योहान ब्योम नावाचे एक प्रोफेसर, जर्मन असूनही नाझींच्या विरोधातले, त्यांच्या मदतीमुळे हेरोव्हस्कींना काम चालू ठेवता आलं. त्या काळात त्यांनी पोलॅरोग्राफीवरचा मोठा जर्मन ग्रंथ पुरा केला, १९४१ मध्ये तो व्हिएन्नाला छापला गेला. आजूबाजूला एवढं चाललेलं असताना माणूस पाऱ्याचे थेंब कसे पाहत बसला असेल, असा प्रश्न मला पडला. मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. दोन्ही महायुद्धांनी त्यांच्या आयुष्यातली मिळून दहा वर्षं खाल्ली, एवढं मात्र दिसतं.

१९५० मध्ये प्रागमध्ये पोलॅरोग्राफीची स्वतंत्र संस्था निघाली, तिचे प्रमुख हेरोव्हस्की. आज तिथल्या फिजिकल केमिस्ट्रीच्या संस्थेला त्यांचंच नाव आहे. १९५५ मध्ये बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने त्यांना मानद सदस्य केलं. आणि नोबेल मिळालं १९५९ मध्ये, गॅल्व्हनोमीटर जोडल्यानंतर सदतीस वर्षांनी. वय अडुसष्ट. चेकोस्लोव्हाकियाच्या नागरिकाला मिळालेलं ते पहिलं नोबेल. तोपर्यंत जगभरच्या खाणी, औषधांचे कारखाने, दवाखाने, पाणी तपासणाऱ्या लॅब पोलॅरोग्राफ वापरत होत्या. २७ मार्च १९६७ ला प्रागमध्येच ते वारले.

एक गोष्ट सांगितली नाही तर ती लपवल्यासारखी होईल. पाण्यातलं विष शोधणारा हा थेंब स्वतःच विष आहे. हेरोव्हस्की वारले तेव्हा जपानमधल्या मिनामाटाची गोष्ट जगाला कळू लागली होती. तिथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा समुद्रात गेला, माशांत गेला आणि माशांतून माणसांत. त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये पाऱ्याचा वापर कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आता विद्यार्थ्यांच्या हाती पाऱ्याचं भांडं कुणी देत नाही, आणि बरोबरच आहे. म्हणून इलेक्ट्रॉनिक जिभेत सोनं, प्लॅटिनम, कार्बन असे घन इलेक्ट्रोड आले. विष गेलं, पण त्याच्याबरोबर नवा थेंबही गेला. घन इलेक्ट्रोड मळतो. एका पाण्याची आठवण घेऊन दुसऱ्या पाण्यात जातो. रीडिंग सरकत जातं. आमच्यासारख्यांची तर सोडाच, मोठ्या लॅबमधल्या जिभांचीही ही जुनी दुखरी नस आहे. लिंकशॉपिंगवाल्यांनाही इलेक्ट्रोड घासून साफ करायची सोय करावी लागली.

त्या रात्री पुस्तक मिटलं तेव्हा माझ्यासमोर टेबलवर ड्रॉइंगची क्लच पेन्सिल पडली होती. मागचं बटण दाबलं की ०.५ चं शिसं पुढे येतं. पुन्हा दाबलं की आणखी पुढे. एवढं वाचून झाल्यावर ह्यापुढे काय सुचणार ते तुम्हीही ओळखलं असेल. दुसऱ्या दिवशी आम्ही पेन्सिलच इलेक्ट्रोड म्हणून लावली. प्रत्येक रीडिंगनंतर वापरलेलं टोक मोडून टाकायचं, तीन क्लिक, नवं टोक, दर वेळी पाण्यात तेवढीच लांबी. (नंतर शोधलं तर जगात कितीतरी लोकांनी हे आधीच करून ठेवलंय. हरकत नाही.) तांबं, स्टील आणि चांदी मोडता येत नाहीत, त्यांना दर रीडिंगच्या आधी बारीक पॉलिश पेपरने सारखेच वीस फेरे घासायचे आणि डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं. एका रीडिंगला आठ मिनिटं. आम्ही नऊ दिवसांत एकशे वीस घेतली. पार्टनरने घासण्याचे फेरे मोठ्याने मोजायची सवय लावून घेतली, ती झोपेतही मोजते. आता सोमवार आणि गुरुवार बऱ्यापैकी एकमेकांवर बसतात. नळ आणि कूलर ओळखण्यात चूक होत नाही, बोअर आणि विहीर यांच्यात अजून अधूनमधून गोंधळ होतो. रिपोर्टमध्ये आम्ही तो गोंधळ तसाच छापला आहे. पहिल्या आठवड्याची बिघडलेली रीडिंगही मागे जोडली आहेत.

आणि आता आजी. जिभेला शिकवायचं तर आधी खरं उत्तर माहीत पाहिजे, म्हणून मॅडमनी चारही पाण्याचे नमुने लॅबमध्ये तपासायला लावले. बोअरचा रिपोर्ट अपेक्षेप्रमाणे जड पाण्याचा. धक्का बसला तो शेतातल्या विहिरीच्या रिपोर्टने. आजीच्या त्या गोड पाण्याच्या! त्यात नायट्रेट मर्यादेच्या बाहेर होतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, त्यापुढे सूट नाही. विहिरीच्या चारी बाजूंनी कांदा, ऊस, युरियाची पोती. नायट्रेटला त्या प्रमाणात चव नसते, वास नसतो, रंग नसतो. मोठ्या माणसाला सहसा लगेच काही होत नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तातली ऑक्सिजन वाहायची ताकद त्याने कमी होते, बाळ निळसर पडू शकतं. आणि आमच्या वहिनीचं बाळ तेव्हा तीन महिन्यांचं. त्याला वरचं दूध चालू होतं, त्या दुधाच्या पावडरीसाठी खास शेतावरून गोड पाणी आणलं जायचं आणि काळजीने दहा मिनिटं उकळलं जायचं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं उलट ते घट्ट होतं.

मी रात्री साडेदहाला घरी फोन केला. बाळ ठणठणीत होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं पाणी नळाच्या हंड्यातून घेऊ लागले, आणि दादाने त्याला डॉक्टरांकडे नेऊन दाखवूनही आणलं.

सुट्टीत प्रोजेक्ट घरी नेला होता. ओट्यावर चार पेले मांडले, एकीकडे आजी, एकीकडे पेन्सिल. आजीने चारपैकी चार ओळखले, आमच्या यंत्राने तीन. मग आजीने विचारलं की विहिरीच्या पाण्यात ते काय म्हणतेस ते आहे, हे तुझ्या ह्या डब्याला कळलं का? मी सांगितलं की नाही, त्याला अजून ते शिकवलेलं नाही. वेगवेगळं नायट्रेट असलेली बरीच पाणी त्याला दाखवावी लागतील, मग कदाचित. तिने थोडा विचार केला आणि शेजारपाजारच्या कुणाकुणाच्या विहिरी आहेत ते बोटांवर मोजायला लागली. अकरा निघाल्या. पुढच्या सेमिस्टरला मी त्या अकरा बाटल्या आणणार आहे, ह्या वेळी झाकणं घट्ट लावून.